प्रबंधातला एक परिच्छेद: ऋणनिर्देशात की तिसऱ्या प्रकरणात?

अर्धी_वही:

चार दिवस हा धागा लिहिते आणि पुसते आहे. आज पुसायचा नाही असं ठरवून बसले आहे. लांबलंय, सांभाळून घ्या.

माझा प्रबंध अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर थांबलेल्या नातेवाइकांवर आहे. आत पेशंट व्हेंटिलेटरवर, बाहेर खुर्च्यांवर घरची माणसं. डॉक्टर दिवसातून दोनदा येऊन चार वाक्यं सांगतात. त्या चार वाक्यांवर ही माणसं निर्णय कसे घेतात, एकमेकांना काय सांगतात, काय सांगत नाहीत, हा विषय. २७ मुलाखती घेतल्या, सगळ्या ऐकून उतरवून काढल्या, कोडिंग पूर्ण केलं, म्हणजे महत्त्वाच्या ओळींना त्यांच्या अर्थाचं एकेक नाव, कोड, दिलं. आणि मग माझा दादा तसल्याच एका दारामागे गेला. ११ दिवस होता. बाराव्या दिवशी पहाटे गेला.

सहा महिने मी फाईल उघडली नाही. उघडली तेव्हा सवयीने मुलाखत क्रमांक ९ लावली. तरुण बाई, नवरा आत. चौदाव्या मिनिटाला मी विचारते, "आज कसे आहेत?" ती म्हणते, "झोपलेत ते." मग चार सेकंद काही नाही. लांब कुठेतरी दार लागल्याचा आवाज. आणि मी पुढचा प्रश्न विचारते: "घरातले निर्णय साधारण कोण घेतं?"

माझ्या तक्त्यात "झोपलेत ते" या ओळीसमोर कोड आहे: नकार.

दादाच्या चौथ्या दिवशी आईचा फोन आला होता. "कसा आहे गं?" मी म्हणाले, "झोपलाय तो." मला सगळं माहीत होतं. कुठलं औषध देऊन झोपवलंय, मशीन किती टक्के ऑक्सिजन देतंय, सकाळपेक्षा तो वाढवलाय, सगळं. मी काहीही नाकारत नव्हते. फक्त आईच्या कानात तो शब्द घालायला माझी जीभ उचलत नव्हती.

दुसरा कोड याहून जास्त टोचतो: "अवास्तव अपेक्षा". पेशंटचा चष्मा पुसून पिशवीत ठेवणारा मुलगा, घरी जायचे कपडे आणून ठेवणारी बहीण, हे सगळे मी तिथे टाकले आहेत. दादाचा फोन माझ्याकडे होता. मी रोज रात्री तो चार्जिंगला लावायचे. १०० झाले की काढून उशाशी ठेवायचे. तो उठून फोन मागेल असं मला वाटत होतं का? सातव्या दिवशी डॉक्टरांनी बसवून सांगितलं, त्यानंतर नाही. तरी आठव्या रात्री लावला. नवव्या, दहाव्या रात्रीही लावला. मी मलाच माझ्या तक्त्यात कुठे टाकू?

हे सगळं मी तिसऱ्या प्रकरणात, संशोधनपद्धतीत, एका परिच्छेदात लिहिलं. गाईडने समासात पेन्सिलने लिहून परत दिलं: "हे ऋणनिर्देशात घ्यावे." माणूस कोरडा नाही, दादा गेल्यावर घरी येऊन बसून गेले होते. पण त्यांच्या मते याची जागा ती आहे. तुम्हाला काय वाटतं?

समास:

आधी हे, की तुझ्या भावाचं वाचून वाईट वाटलं. "तू" म्हणतोय, वयाचा हक्क घेतो.

मी बरीच वर्षं प्रबंध तपासले. ऋणनिर्देश मी नेहमी सगळ्यात आधी वाचायचो. माणूस तिथेच भेटतो. एका वाक्यात कुणाचे वडील गेलेले असतात, कुणाचं मूल गेलेलं असतं, आणि पान उलटलं की "प्रस्तुत संशोधनाची उद्दिष्टे". त्या दोन पानांमध्ये काही घडलंच नाही असं आपण सगळे धरून चालतो.

पण तुझ्या गाईडच्या सूचनेला एक चाचणी आहे, ती लावून बघ. परिच्छेद काढून टाक आणि पाचवं-सहावं प्रकरण पुन्हा वाच. निष्कर्ष जागच्या जागी उभे राहिले, तर गाईड बरोबर आहेत. एखादा निष्कर्ष कोसळला, किंवा तो कुठून आला हे वाचणाऱ्याला कळेनासं झालं, तर परिच्छेद पद्धतीचाच भाग आहे आणि तो तिसऱ्या प्रकरणातच हवा. मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेहार यांनी १९९६ च्या पुस्तकात जवळपास हीच अट घातली आहे: लेखकाने स्वतःला उघडं करायचं ते युक्तिवादाला त्याची गरज असेल तर, शोभेला नाही. त्या स्वतः स्पेनमधल्या एका गावात मृत्यूचा अभ्यास करत होत्या आणि त्याच काळात तिकडे मायामीत त्यांचे आजोबा शेवटच्या दुखण्यात होते. दोन्ही एकाच निबंधात आलं, कारण एकाशिवाय दुसरं समजत नव्हतं.

आणि रेनाटो रोझाल्डो वाचला नसशील तर आज रात्री वाच. फिलिपिन्समधल्या इलोंगोट लोकांत तो आणि त्याची बायको मिशेल, दोघंही मानववंशशास्त्रज्ञ, १९६० च्या दशकाअखेरीस राहिले. म्हातारे पुरुष त्याला सांगायचे की शोकातून जो संताप येतो त्यामुळे आम्ही माणसाचं डोकं उडवायला बाहेर पडायचो. रोझाल्डोला ते उत्तर फार पोकळ वाटलं. त्यामागे काहीतरी खोल रचना असणार म्हणून तो वर्षानुवर्षं सिद्धांत शोधत राहिला. ११ ऑक्टोबर १९८१ ला फील्डवर्क करताना मिशेल कड्यावरून पडून गेली. तिचा देह सापडल्यावर त्याच्या छातीत जे उसळलं तो संताप होता. तेव्हा त्याला कळलं की म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं ते अक्षरशः खरं होतं. त्यांचं वाक्य पुरेसं होतं, ऐकणारा तयार नव्हता. तुझं चौदावं मिनिट वाचल्यापासून माझ्या डोक्यात हेच आहे.

दुसरी_बाजू:

समास यांचा आदर आहे, पण मी गाईडच्या बाजूने थोडं बोलते. ताई, रागावू नका. तुमच्याच भल्यासाठी आहे.

आधी तुम्ही "झोपलेत ते" या शब्दांवर पुस्तकातला अर्थ लादलात. आता तुमच्या दादाचा अर्थ लादताय, असं नाही ना? तुम्ही आईपासून शब्द लपवत होतात. ती बाई कुणापासून लपवत होती? समोर तुम्ही होतात, परक्या. तुमच्यापासून तिने का लपवावं? कदाचित तो खरंच नकार असेल. दुःखाने कान उघडतात हे मान्य, पण मग प्रत्येक आवाज आपल्याच घरातून आल्यासारखा वाटतो, हेही तितकंच खरं. रोझाल्डोनेही हे टाळलं नव्हतं. त्याने स्पष्ट लिहिलंय की त्याचा संताप आणि इलोंगोटांचा संताप दोन वर्तुळांसारखे काही भागात एकमेकांवर येतात, पण एक नाहीत. तुमच्या परिच्छेदात ते दुसरं वर्तुळ कुठे आहे?

आणखी एक. परीक्षक काय करणार? भाऊ गेलेल्या मुलीला "तुमचं कोडिंग चुकलंय" असं तोंडावर कोण म्हणेल? परीक्षकाला गप्प बसवणारा पुरावा हा पुरावा राहत नाही. तुमचं दुःख टीकेपासून वाचवायचं असेल तर ते ऋणनिर्देशातच सुरक्षित आहे. तिसऱ्या प्रकरणात आणलंत तर त्यालाही उलटतपासणी सोसावी लागेल. तशी तयारी आहे का?

उंबरठा:

मी मानसशास्त्रातली. माझा प्रश्न वेगळा: "नकार" हा कोड तुमच्या यादीत आला कुठून? मुलाखतींतून वर आला, की आधीच्या वाचनातून हातात होता?

कारण तो शब्द आपल्याकडे बहुतेक वेळा मनोविकारतज्ज्ञ कुब्लर-रॉस यांच्या मृत्यूवरच्या १९६९ च्या पुस्तकातून उतरतो. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. पण त्यांनी बोलणं केलं होतं ते स्वतः मरणाच्या वाटेवर असलेल्या रुग्णांशी. त्या पायऱ्या नंतर मागे राहिलेल्यांना लावल्या गेल्या, आणि मग सगळ्यांनाच. दाराबाहेर खुर्चीवर बसलेली बायको ही यातली कुणीच नाही. तिचं माणूस गेलेलंही नाही आणि जवळही नाही. तिच्यासाठी तो कोड शिवलेलाच नव्हता, तुम्ही तिला उसना घातलात. हे दादाच्या जाण्याशिवायही सांगता येईल, आणि प्रबंधात ते सांगायलाच हवं.

आशेचंही तेच. आमच्याकडे स्नायडर यांची मांडणी आहे, १९९१ ची. माणसासमोर उद्दिष्ट असतं, तिथे जायच्या वाटा त्याला दिसतात आणि त्या वाटेने आपण जाऊ असा जोर त्याच्यात असतो, म्हणजे आशा. त्यावर १२ विधानांची मोजपट्टी आहे: ४ वाटांची, ४ जोराची, ४ नुसती भरतीची. मी ती शेकडो लोकांना भरायला दिली आहे. तुमचा चार्जर वाचल्यावर ती बाराही विधानं डोळ्यांसमोरून फिरवली. उद्दिष्ट नाही, वाट नाही, जोर तर नाहीच. तरी हात रोज रात्री ते काम करतोय. याला आशा म्हणायचं नसेल तर दुसरा शब्द माझ्याकडे नाही, आणि म्हणायचं असेल तर माझी मोजपट्टी अपुरी आहे. तुमच्या प्रबंधात मला ते पान वाचायचंय.

मोजपट्टी:

प्रयोगशाळेतला माणूस आहे, आमच्याकडे "मी" लिहायची सोयच नाही. तरी लिहितो.

माझी सहकारी पेपर स्वीकारला जायच्या आधी गेली. अर्धे नमुने तिने तयार केले होते. जर्नलच्या फॉर्ममध्ये तिच्या नावापुढे एक चौकोन होता, "मृत", त्यात टिचकी मारायची होती. मी कर्सर तिथे नेला आणि उठून बाहेर गेलो. दोन दिवसांनी टिचकी मारली. छापील पेपरात तिच्या नावावर कट्यारीचं बारीक चिन्ह आहे आणि पानाच्या तळाशी एक शब्द. आमच्या शास्त्रात शोकाला एवढीच जागा आहे. पण पद्धतीच्या भागात ज्या तापमानाला, जितका वेळ असं लिहिलंय ते सगळं तिच्या हातचं आहे, आणि ते अजून कुणीही करून बघू शकतं. मला ते वाचताना बरं वाटतं.

आशेबद्दल, जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड. जुलै १९८२ मध्ये त्यांना पोटातला मेसोथेलिओमा हा कर्करोग निघाला. वाचनालयात जाऊन पाहिलं तर मध्यक आठ महिने. सामान्य माणूस वाचतो: मला आठ महिने आहेत. गूल्ड यांनी विचारलं: निम्मे रुग्ण आठ महिन्यांहून जास्त जगतात, ते किती जगतात? कोण किती जगलं याचा आलेख डावीकडे शून्याशी अडतो, उजवीकडे मात्र लांब शेपूट पसरते. वय, वेळीच झालेलं निदान, उपचार हे सगळं बघता आपण त्या शेपटात असू शकतो, असं त्यांनी मांडलं. १९८५ मध्ये त्यावर लेख लिहिला. ते २००२ मध्ये गेले, वीस वर्षांनी, आणि तेही दुसऱ्याच कर्करोगाने. त्यांनी आकड्यांकडे पाठ फिरवली नव्हती, आकडे जास्त बारकाईने वाचले. "अवास्तव अपेक्षा" हा कोड देताना तुम्ही त्या पेशंटच्या आलेखाचं शेपूट पाहिलं होतं का? नसेल, तर "अवास्तव" कुणी ठरवलं?

कर्मणी:

व्याकरणाच्या अंगाने एक. "असे आढळून आले", "असे नोंदविण्यात आले", "प्रस्तुत संशोधकाच्या निदर्शनास आले". आपल्या प्रबंधांच्या भाषेत कर्ता पडद्याआडच असतो. तुमचं जुनं वाक्य बहुधा असं असेल: "सदर सहभागीमध्ये नकाराची अवस्था दिसून आली." कुणाला दिसून आली? चार सेकंद थांबून जिने पुढचा प्रश्न विचारला तिला. ती वाक्यात नाही. ती चार सेकंदंही वाक्यात नाहीत.

तुमच्या परिच्छेदाने दुःख आत आणलं की नाही हा मला दुय्यम प्रश्न वाटतो. त्याने कर्ता परत आणला. "मी नकार असा कोड दिला, कारण", एवढं लिहिलं की ती उलटतपासणी शक्य होते जी दुसरी_बाजू यांना हवी आहे. आढळून आलेल्या गोष्टीची उलटतपासणी कशी करणार?

उशिरा_कळलं:

मी माझा परिच्छेद काढला होता. वडील. विषय होता मृत्युलेख, आणि कुणालाही दिसलं असतं. काढला कारण भीती वाटली. पदवी मिळाली, प्रबंध चांगला म्हणाले. आता तो उघडला की दुसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर, जिथे तो परिच्छेद होता, मला खालच्या वाक्याचा जोड अजून दिसतो. इतर कुणाला दिसत नाही.

पण एक सांगते. सगळं लिहू नका. फ्रेंच लेखक-समीक्षक रोलाँ बार्थ यांची आई १९७७ मध्ये गेली. छायाचित्रावरच्या १९८० च्या पुस्तकात त्यांनी तिच्या पाच वर्षांच्या वयातल्या एका फोटोवर पानंच्या पानं लिहिली, इतर कितीतरी फोटो छापले, आणि तो एक छापला नाही. वाचणाऱ्याला तो शेकडो फोटोंमधला एक वाटला असता. तुमच्याकडेही असं काही असेल. बाराव्या दिवसाची पहाट वगैरे. ते परीक्षकाला देऊ नका. चार्जर द्या, तो पुरे आहे.

अर्धी_वही:

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. दुसरी_बाजू, तुमचा प्रतिसाद पहिल्यांदा वाचून रात्री झोप लागली नाही. रागाने नाही. "ती कुणापासून लपवत होती" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं म्हणून.

उंबरठा, कोड आधीच हातात होता. सिनॉप्सिसच्या, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याच्या वेळी बनवलेल्या यादीत तो तिसऱ्या क्रमांकावर आहे, तेव्हा एकही मुलाखत झाली नव्हती.

मी पहिल्यापासून सुरुवात करते आहे. जुना तक्ता तसाच ठेवते, त्यावर जुनी तारीख. शेजारी नवीन रकाना. माझ्याच विभागातल्या एका मुलीला नावं काढलेले उतारे देते, तिला दादाबद्दल काही माहीत नाही. महिन्याने येते.

समास:

सावकाश कर. कोड बदलशील तिथे का बदललास ते त्याच दिवशी दोन ओळीत लिहून ठेव. नंतर कारणं आठवत नाहीत, फक्त निर्णय आठवतो. आणि बाईला फोन करायचा मोह होईल, त्याआधी तुझ्या फील्ड नोट्स काढ.

अर्धी_वही:

महिना म्हटलं होतं, सात आठवडे लागले.

"नकार" हा कोड एकूण ९ ठिकाणी होता. त्यांतल्या ४ ठिकाणी मी तो ठेवला. तिथे तो आहेच, माझं कितीही दुःख त्यावर ओतलं तरी. एका मुलाखतीत मुलगा सरळ म्हणतो की डॉक्टरांनी दुसऱ्याचा रिपोर्ट वाचला असणार. उरलेल्या ५ ठिकाणी बदलला, आणि त्या पाचांपैकी तीनदा त्या मुलीनेही, स्वतंत्रपणे, "नकार" म्हटलं नाही. दोनदा तिचं आणि माझं जुळलं नाही. ते न जुळणं तसंच छापते आहे. दुसरी_बाजू, तुमचं दुसरं वर्तुळ तेच.

"अवास्तव अपेक्षा" पूर्ण काढला. मोजपट्टी यांच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही म्हणून. ज्यांना खरंच वाटत होतं की पेशंट बरा होईल, ते वेगळे केले. आणि ज्यांना तसं वाटत नव्हतं तरी ज्यांचे हात काहीतरी करत होते, ते वेगळे. दुसऱ्या गटाला अजून नाव सापडलेलं नाही, सध्या तक्त्यात "हाताची कामं" असं लिहिलं आहे. चष्मा पुसणारा मुलगा तिथे गेला.

आता मुलाखत क्रमांक ९. समास, तुम्ही सांगितलंत तसं आधी नोट्स काढल्या. त्या दिवसाच्या पानावर पहिलीच ओळ, माझ्याच अक्षरात: "सोबत मुलगी, सहाएक वर्षांची, जमिनीवर बसून चित्र रंगवते आहे." मी ती ओळ लिहिली, मुलाखत घेतली, घरी येऊन उतरवून काढली, कोड दिला, आणि ती मुलगी कुठेच आली नाही. ध्वनिमुद्रणात ती एकदाही बोलत नाही. पण इअरफोन लावून चौदावं मिनिट ऐकलं तर त्या चार सेकंदांत खडूचा आवाज येतो. कागदावर एकाच जागी पुन्हा पुन्हा. मला तो सगळा वेळ टेपचा दोष वाटायचा.

संमतीपत्रात "पुन्हा संपर्क केल्यास चालेल" यावर त्यांनी खूण केली होती. एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन मग फोन केला. त्यांचे यजमान गेले, त्याच आठवड्यात. मी दादाबद्दल काही बोलले नाही. एवढंच म्हणाले की त्या दिवशी मी घाईने पुढचा प्रश्न विचारला, त्याबद्दल मनात राहिलं आहे. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बरं झालं विचारलात. तुम्ही थांबला असतात तर मी रडले असते, आणि ती खाली बसली होती ना."

म्हणजे माझ्या परिच्छेदातलं निम्मं चूक होतं. त्या नाकारत नव्हत्या, हे बरोबर. पण मी पुढे सरकले ते मी अपराध म्हणून लिहिलं होतं, आणि त्यांना तो आधार झाला होता. परिच्छेद पुन्हा लिहिला. त्यात दादा तीन वाक्यांत आहे. फोन कॉल आहे, चार्जर आहे, पहाट नाही. उशिरा_कळलं, धन्यवाद. कर्मणी, सगळी वाक्यं कर्तरी आहेत, मोजून बघितलं.

काल गाईडकडून प्रकरण परत आलं. समासातली जुनी पेन्सिलची ओळ खोडरबराने पुसली आहे, कागद तिथे जरा खरखरीत लागतो. खाली नवीन शेरा एकच आहे, मुलीच्या ओळीपाशी: "फील्ड नोटचा पान क्रमांक द्या."

देते. पान ३४.